आपल्या मैदानावरचा 'सवाई'

डिसेंबर आला की रमणबागेच्या मैदानावर मांडव पडायचा आणि आपला खेळ बंद व्हायचा. कसला राग यायचा तेव्हा! सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, हे मला फार उशिरा कळले.

दहावीत असताना वडिलांबरोबर प्रथमच भारतीय बैठकीत बसलो. शाल पांघरून मध्यरात्री झोपलोही. पहाटे वडिलांनी हलवून उठवले, तेव्हा भीमसेनजी गात होते. शेवटी प्रथेप्रमाणे सवाई गंधर्वांचे जुने ध्वनिमुद्रण लागले. हजारो माणसे गप्प होती. वडील डोळे पुसत होते. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढे ध्वनिक्षेपकाचे नियम आले, रात्रभराच्या मैफली संपल्या. २०११ मध्ये भीमसेनजी गेले. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला भरतो. मी तिथेही जातो, पण शेजारी वडील नसतात.

परवा डिसेंबरात शाळेवरून गेलो. मैदानात मुले क्रिकेट खेळत होती. आपल्याला हवे होते तसेच. तरी फाटकापाशी बराच वेळ उभा राहिलो.