कुकी : उगम आणि अपभ्रंश
महाजालाचे एचटीटीपी हे संकेतनियम मूलतः विस्मरणशील आहेत. ब्राउझरने पृष्ठ मागावे, सर्व्हरने ते द्यावे. पहिल्या मागणीची ओळख दुसरीच्या वेळी उरत नाही. लेखांच्या देवघेवीस एवढे पुरेसे होते, दुकानदारीस नव्हे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांच्यापुढे हीच अडचण आली. ग्राहकांच्या अपुऱ्या व्यवहारांची नोंद एमसीआय या कंपनीस स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावयाची नव्हती. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देणे सोपे होते. परंतु त्यायोगे कोणत्याही स्थळास वाचकाचा माग काढता आला असता, म्हणून माँटुली यांनी तो मार्ग वर्ज्य केला. त्याऐवजी सर्व्हरने उत्तरासोबत एक लहानशी खूणचिठ्ठी धाडावी, ब्राउझरने ती जपावी व पुढील भेटीत केवळ त्याच स्थळास परत दाखवावी, अशी योजना त्यांनी केली. हीच कुकी.

योजना निर्दोष भासते खरी. पण एका पृष्ठावर परक्या स्थळांची चित्रेही येऊ शकतात, हे तिच्यातील छिद्र. जाहिरातदाराचे चित्र हजार पृष्ठांवर असले की त्याची एकच चिठ्ठी हजार ठिकाणांहून त्याच्याकडे परतते. टाळलेला क्रमांक असा मागील दाराने आत आला. फेब्रुवारी १९९७ च्या आरएफसी २१०९ या मानकाने अशा त्रयस्थ कुकींना मुळातच अटकाव सुचविला होता. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही तो मानला नाही. सफारीने २०२० साली त्या पूर्णतः रोखल्या. त्याच वर्षी गूगलने क्रोमसाठी तसाच संकल्प जाहीर केला, आणि २०२४ साली तो सोडून दिला.