कृत्रिम मूत्रपिंडाची जन्मकथा

१९३८ सालीं हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा मरणपंथास लागला होता. त्याचीं मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं. अशा रोग्याला प्रथम डोकेदुखी व ओकाऱ्या जडतात, मग दृष्टि मंदावते, शेवटीं ग्लानि येऊन तो जातो. कारण मूत्रावाटे बाहेर पडावयाचीं द्रव्यें रक्तांतच सांचत राहतात. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर विल्लेम कोल्फ हा स्वतः जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. मुलाच्या आईला, डोक्याला पांढरी टोपी बांधून आलेल्या त्या खेडवळ बाईला, आतां इलाज उरला नाहीं हें सांगण्याचें काम त्याच्याच वांट्यास आलें. पुढें त्याच्या मनांत एक साधा हिशेब घोळूं लागला. रक्तांतून रोज वीस ग्रॅम यूरिआ काढून टाकतां आला, तर ओकाऱ्या थांबतील. आणि तेवढ्या अवधींत मूत्रपिंडें पुन्हां कामास लागलीं, तर रोगी जगेल.

कल्पना अगदींच नवी नव्हती. पातळ पडद्यांतून बारीक कण निघून जातात व मोठे मागें राहतात, या क्रियेला थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १८६१ सालींच ‘डायालिसिस’ हें नांव दिलें होतें. १९१३ सालीं अमेरिकेंत जॉन एबल यानें जनावरांचें रक्त या रीतीनें शुद्ध केलें. तें गोठूं नये म्हणून त्याला जळवांपासून काढलेलें द्रव्य वापरावें लागलें! १९२४ मध्यें जर्मनींत गेओर्ग हास यानें माणसावर प्रयोग केला, पण कोणाचा जीव वांचवितां आला नाहीं. कोल्फच्या वेळेपर्यंत दोन गोष्टी हाताशीं आल्या होत्या. एक, रक्त पातळ ठेवणारें हेपॅरिन. दुसरी, मांसाचा खिमा भरून सॉसेज करण्याची सेलोफेनची नळी. प्राध्यापक ब्रिंकमन यांनीं या नळीचा गुण त्याला दाखविला. त्यानें हातभर नळींत थोडें रक्त भरलें, त्यांत यूरिआ मिसळला व ती मिठाच्या पाण्यांत हालविली. पांच मिनिटांत जवळजवळ सर्व यूरिआ पाण्यांत उतरला.

१९४० च्या मे महिन्यांत जर्मन सैन्य हॉलंडांत शिरलें. कोल्फचे वरिष्ठ प्राध्यापक पोलाक डॅनिएल्स ज्यू होते. त्यांनीं पत्नीसह आत्महत्या केली. त्यांच्या जागीं नाझी मताचा माणूस आला, तेव्हां कोल्फनें ग्रोनिंगेन सोडलें व १९४१ सालीं कांपेन या लहान गांवच्या इस्पितळांत नोकरी धरली. जगांतील पहिलें उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेंत न घडतां अशा आडगांवीं, परचक्राच्या काळांत घडलें.

धातूंची टंचाई होती, म्हणून लांकडी पट्ट्यांचें एक आडवें पिंप करण्यांत आलें. गांवांतील एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याचे चालक बेर्क यांनीं द्रोणी करून दिली. पिंपाभोंवतीं सुमारें वीस मीटर सेलोफेनची नळी मळसूत्राप्रमाणें गुंडाळली आणि पिंपाचा खालचा भाग द्रोणींतील मिठाच्या पाण्यांत बुडेल अशी रचना केली. पिंप फिरूं लागलें कीं नळींतील रक्त आपल्या वजनानें तळाशीं राही व वेढ्यांमागून वेढे पुढें सरके. रक्तपेशी व प्रथिनें नळींतच राहत. यूरिआ मात्र पाण्यांत जाई. फिरत्या पिंपाला स्थिर नळी जोडावी तरी गळूं नये, ही अडचण होती. ती फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपांतील जोडणी पाहून सुटली. विज्ञानाच्या इतिहासांत अशी उसनवारी पुष्कळ सांपडते; ग्रंथांत तिचा उल्लेख मात्र क्वचित् येतो.

१७ मार्च १९४३ रोजीं पहिला रोगी यंत्राला जोडला गेला. ती एकोणतीस वर्षांची स्त्री होती. कोल्फनें प्रथम थोडेंसेंच रक्त शुद्ध करून परत दिलें, मग धीर वाढत गेला. बारा वेळां उपचार झाले. प्रत्येक वेळीं नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि अखेरीस उघडण्याजोगी वाहिनीच उरली नाहीं. ती वारली. पुढच्या दीड वर्षांत आणखी चौदाजणांवर उपचार झाले. एक जगला, पण तो यंत्राशिवायहि जगला असता असें खुद्द कोल्फचेंच मत होतें.

अशा हिशेबावर कोणीहि यंत्र मोडींत काढलें असतें. १९४५ च्या सप्टेंबरांत, हॉलंड मुक्त झाल्यावर, सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेंत कोल्फकडे आणण्यांत आली. ती कैदी होती. जर्मनांशीं हातमिळवणी केल्याचा तिच्यावर आरोप होता. पांच वर्षें जाच सोसलेल्या त्या गांवांत तिच्याविषयीं कोणाला कळवळा असणार? मूत्र बंद झालें होतें, एवढेंच कोल्फनें पाहिलें. सुमारें अकरा तास यंत्र चाललें. बाईनें डोळे उघडले आणि आपण नवऱ्याशीं काडीमोड घेणार असें सांगितलें. तिचीं मूत्रपिंडें पुन्हां चालूं लागलीं, ती आणखी कांहीं वर्षें जगली, व नवऱ्यालाहि तिनें खरोखरच सोडलें.

कोल्फनें यंत्राचें पेटंट घेतलें नाहीं. महायुद्धानंतर लंडन, न्यूयॉर्क, माँट्रिऑल येथें यंत्रें धाडून दिलीं. पण ज्याचीं मूत्रपिंडें कायमचीं गेलीं, त्याला तीं निरुपयोगी होतीं, कारण पहिल्या रोग्याची अडचण तशीच होती. ती १९६० सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यानें सोडविली. हाताच्या धमनींत व शिरेंत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवून तीं टोकें त्यानें बाहेर जोडून ठेविलीं. त्याच्या पहिल्या रोग्यांपैकीं एक गृहस्थ आठवड्यामागून आठवडे यंत्रावर येत अकरा वर्षें जगला.

मग निराळाच पेंच उभा राहिला. यंत्रें थोडीं, रोगी पुष्कळ. सिॲटलमध्यें सात नागरिकांची एक समिति नेमली गेली. तिच्या सभासदांचीं नांवें गुप्त ठेविलीं होतीं. रोग्याचें वय, कुटुंब, मिळकत, नोकरी, शिक्षण, चर्चशीं संबंध हें सर्व तपासून कोणाला यंत्र द्यावें तें समिति ठरवी. १९६२ सालीं ‘लाइफ’ साप्ताहिकानें ही हकीकत प्रसिद्ध केली तेव्हां मोठी खळबळ उडाली. कांपेनच्या त्या कैदी बाईला या समितीनें कितपत संधि दिली असती? अखेर १९७२ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून बहुतेक सर्व मूत्रपिंडरोग्यांच्या डायालिसिसचा बराचसा खर्च आपल्या शिरावर घेतला, आणि अशा समितीपुढें उभें राहण्याची पाळी तेथील रोग्यांवर राहिली नाहीं.