‘तालीम’ ते क्रीडामानसशास्त्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पेडणे तालुक्यातील पार्से गावच्या एका विद्यार्थ्याला क्रीडा व व्यायाम मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. ‘सर, हा विषय आपला आहे का?’ असे त्याने प्रस्तुत लेखकास विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

ज्ञानशाखा म्हणून या विषयाची जडणघडण पाश्चात्त्य विद्यापीठांत झाली. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी अभ्यासून, सोबत दुसरा स्वार असता वेग वाढतो, असे दाखविले. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात क्रीडा संशोधन प्रयोगशाळा उभारली. १९६५ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे खेळाडूंबरोबरच सामान्य माणूस व्यायाम का सुरू करतो आणि का सोडतो, हाही अभ्यासाचा विषय बनला.

परंतु आपल्या भाषेची साक्ष वेगळी आहे. मराठीत व्यायामशाळेस ‘तालीम’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. ‘कसरत’ हाही अरबी, मूळ अर्थ विपुलता. ‘वस्ताद’ आणि ‘पहिलवान’ फारसीतून आले. उर्दूतली तालीम मदरशात व शाळेत राहिली. मराठीत ती लाल मातीतही उतरली. धीर धरणे, प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेणे, हरल्यावर पुन्हा मातीत उतरणे हे वस्तादाच्या शिकवणीचेच भाग होते. बडोद्यात प्रा. माणिकरावांनी व्यायाममंदिरास आपले गुरू जुम्मादादा यांचे नाव दिले, यावरून या गुरुपरंपरेची थोरवी कळते. उणीव एकच होती : हे ज्ञान बहुतांशी मौखिक राहिले, तपासले गेले नाही.

ती उणीव भरून काढण्याच्या दिशेने स्वामी कुवलयानंदांचे कार्य महत्त्वाचे ठरते. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी योगाभ्यास प्रयोगशाळेत आणला. पुढे नाशिकचे भीष्मराज बाम (निधन २०१७) या माजी पोलीस अधिकाऱ्याने योगातील एकाग्रतेचा उपयोग नेमबाज व क्रिकेटपटूंसाठी केला आणि मराठीतून लेखनही केले.

आता मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात (कायदा २०१८) या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तथापि चाचण्या बहुधा इंग्रजीत असतात. रेनर मार्टेन्स यांची स्पर्धा-चिंता चाचणी (१९७७) पेडण्याच्या मैदानावरील मुलांना द्यावयाची, तर त्यातील शब्दासाठी मराठीत ‘चिंता’ म्हणावे, ‘धास्ती’ की ‘घबराट’? तिन्हींचा अर्थ एक नव्हे. शब्द चुकला, तर मापही चुकते, आणि त्यावरून मुलाला दिलेला सल्लाही.

म्हणून त्या विद्यार्थ्यास उत्तर असे : शास्त्र बाहेरून आले, अनुभव व शब्द आपल्याकडे होते. त्यांची सांगड घालून ती पडताळणे हे तुझ्या प्रबंधाचे काम. ते झाले, तरच ‘तालीम’ या शब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र येतील.