दूध पचविणारी माणसे

मनुष्य स्वतःच्या देहाकडे पाहून इतरांच्या देहाविषयी अनुमान बांधीत असतो. ‘आपल्यावरून जग ओळखावे’ ही म्हण आपण नीतीच्या संदर्भात वापरतो. परंतु शरीराच्या बाबतीत तिने अनेकांची फसगत केली आहे. काही व्यक्तींना प्रत्येक अक्षर वा अंक विशिष्ट रंगाचा भासतो. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने 1880 च्या सुमारास अशा लोकांची माहिती गोळा केली, तेव्हा इतरांना असे रंग दिसत नाहीत हे ऐकून त्यांतील कित्येकांना नवल वाटले. अमेरिकेत 1931 साली आर्थर फॉक्स नावाचे रसायनतज्ज्ञ प्रयोगशाळेत काम करीत असता एका पदार्थाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती अतिशय कडू लागली, फॉक्स यांना मात्र तिची काहीच चव लागेना. दोघांचा थोडा वाद झाला आणि त्यातून जिभेच्या आनुवंशिक भेदाचा शोध लागला.

ही उदाहरणे मौजेची आहेत. त्यांच्यापायी कोणाचे बिघडत नाही. परंतु अशीच एक शारीरिक क्षमता आहे, की जी सर्वांपाशी असते असे गृहीत धरल्यामुळे गरिबांच्या मुलांची पोटे बिघडली आणि दात्यांच्या मनात गैरसमज रुजले. ती म्हणजे मोठेपणी दूध पचविण्याची क्षमता. आम्हांला येथे तिचाच इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे.

दुधात एक विशिष्ट साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ही दुग्धशर्करा फोडण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य तयार व्हावे लागते. तान्ह्या बालकात ते भरपूर असते. तसे नसते तर कोणतेच मूल आईच्या दुधावर वाढले नसते. पण अंगावरचे दूध सुटले, की सस्तन प्राण्यांत हे द्रव्य हळूहळू कमी होत जाते. गाईच्या वासराचे हेच होते आणि जगातील बहुसंख्य माणसांचेही हेच होते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तेथील सूक्ष्मजंतू ती आंबवितात, पोटात वायू धरतो, मुरडा येतो, कधी जुलाब होतात. जगातील प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत हे पाचकद्रव्य पुरेसे उरत नाही. म्हणजे मोठेपणी पेलाभर दूध सहज रिचविणारा मनुष्य हाच अपवाद होय. परंतु स्वतःला अपवाद समजण्याचे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

आपला वऱ्हाड हा दूधदुभत्याचा जुना प्रदेश. मेळघाटच्या डोंगरावरील गाविलगड हा किल्ला गवळ्यांच्या नावाने ओळखला जातो, अशी परंपरा आहे. पुढे तो बहामनी सुलतानांचा झाला आणि 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो जिंकला. राजवटी बदलल्या, तरी गवळ्यांचे नाव काही पुसले गेले नाही. अचलपूर, म्हणजे पूर्वीचे एलिचपूर, याच्या नावावरून नागपुरी म्हशीला आजही ‘एलिचपुरी’ असे दुसरे नाव आहे. पण याच डोंगराळ पट्ट्यात आणि त्याच्या पूर्वेस मध्य भारतभर दुधाविषयी निराळी दृष्टीही नांदत होती. मारिया गोंड, मुंडा, हो अशा अनेक आदिवासी समाजांत गाय पाळीत, तिला नांगराचे बैल देणारी म्हणून मान देत. परंतु तिचे दूध काढीत नसत. ते वासराचे आहे, अशी त्यांची धारणा. शहरी पाहुण्यांना हे अज्ञान वाटे. 1970 च्या सुमारास फ्रेडरिक सिमून्स या भूगोलतज्ज्ञाने दूध काढणाऱ्या व न काढणाऱ्या समाजांच्या सीमा नकाशावर मांडल्या आणि दूध पचविण्याच्या क्षमतेशी त्यांचा संबंध जोडला. ज्याला अज्ञान म्हटले गेले, त्यामागे शरीराचाही काही अनुभव असू शकतो, हा विचार तेव्हापासून बळावला.

आता या कथेतील दुःखद भागाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे प्रचंड साठे शिल्लक होते. युनिसेफने ही भुकटी जगभरातील मुलांना वाटली. 1954 साली अमेरिकेने ‘पब्लिक लॉ 480’ हा कायदा केला आणि जादा धान्य व दूध परदेशी पाठविण्याचा राजमार्ग खुला झाला. भारतात ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’सारख्या संस्थांमार्फत ही भुकटी शाळा, दवाखाने आणि मिशनकेंद्रे यांतून वाटली जाई. आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना त्या पिठूळ पांढऱ्या दुधाची चव अद्याप आठवत असेल. ‘दुधाच्या भुकटीसाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणाही आपल्या समाजाने पुष्कळ ऐकला.

या भुकटीने असंख्य बालकांना बळ दिले, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. परंतु साय काढलेल्या भुकटीत वजनाच्या जवळजवळ निम्मा भाग दुग्धशर्करेचाच असतो. उपाशी पोटी ती घट्ट कालवून प्यायल्यावर कित्येकांना जुलाब होत. देणारे म्हणत, पाणी अस्वच्छ असेल. किंवा, या लोकांना चांगल्या अन्नाची सवय नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील काही खेड्यांत लोकांनी त्या भुकटीने घराच्या भिंती रंगविल्या, असे मानवशास्त्रज्ञांनी नमूद केले आहे. दात्यांना ती कृतघ्नता वाटली. दूध पाठविणाऱ्या उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांना दूध पचत होते, म्हणून ते सर्वांना पचावे, इतके साधे हे गणित होते. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. खोट होती ती मापात.

हे माप चुकते आहे हे 1965–66 च्या सुमारास उमगू लागले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांना असे आढळले, की तेथील बहुसंख्य कृष्णवर्णीय प्रौढांना दुग्धशर्करा पचत नाही, गोऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र पचते. 1966 साली युगांडातूनही असाच निष्कर्ष आला: गुरे पाळणाऱ्या जमातींना दूध पचते, शेतीवर जगणाऱ्या शेजाऱ्यांना पचत नाही. दोघांचीही कातडी काळीच. तेव्हा हा प्रश्न रंगाचा नसून पूर्वजांच्या उपजीविकेचा आहे, हे उघड झाले. भारतातही तपासण्या झाल्या. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या उत्तर भारतीयांपैकी शेकडा सुमारे 27 जणांना, तर दक्षिण भारतीयांपैकी शेकडा सुमारे 67 जणांना दुग्धशर्करा पचत नसल्याचे दिसले. आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये वसला आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

2002 साली फिनलंडच्या संशोधकांनी मोठेपणीही हे पाचकद्रव्य टिकवून ठेवणारा आनुवंशिक बदल शोधून काढला. पुढे 2011 च्या सुमारास भारतातील दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले गेले. त्यांत युरोपात आढळणारा तोच बदल येथेही मुख्यत्वे असल्याचे दिसून आले. वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना त्याचे प्रमाण घटत जाते आणि पशुपालक समाजांत ते अधिक असते. गुजरातेतील गवळी आणि आयर्लंडमधील शेतकरी यांच्या पोटात एकच जुना वारसा असू शकतो, हे ऐकून मन थक्क होते.

हा बदल इतका का फोफावला? 2022 साली युरोपातील प्राचीन भांडी व अस्थी यांच्या अभ्यासातून एक उत्तर पुढे आले. दूध पचत नसतानाही माणसे हजारो वर्षे दूध वापरीत होती. सुदृढ माणसाला त्यामुळे थोडी पोटदुखी होई, एवढेच. परंतु दुष्काळात, रोगराईत, खंगलेल्या देहाला तोच जुलाब प्राणघातक ठरे. अशा आपत्तींत दूध पचविणारे अधिक संख्येने वाचले. वऱ्हाडच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. 1896–97 आणि 1899–1900 या दोन दुष्काळांनी आपला प्रदेश होरपळून काढला. भुकेल्या देहाला हगवण लागली की काय होते, हे आपल्या पणज्या-पणजोबांनी पाहिले होते.

विज्ञानाने हे सारे अलीकडे सांगितले. मात्र स्वयंपाकघराला ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. विरजण लावले की जंतू दुग्धशर्करेचा काही भाग आंबवून टाकतात आणि उरलेली पचविण्यासही मदत करतात. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. ज्वारीच्या भाकरीबरोबर ताक आणि कढी जेवणारा वऱ्हाडी शेतकरी दुधाचे पोषण घेत होता, त्याचा त्रास मात्र टाळत होता. आयुर्वेदानेही ‘सात्म्य’ या शब्दात हेच सांगितले, की एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

येथे एक इशारा द्यावयास हवा. हे वाचून कोणी मुलांचे दूध तोडू नये. तान्ह्या बाळाला आईचे दूध अमृतच आहे. ते जुलाबातही चालू ठेवावे. ज्यांना दूध पचत नाही असे बहुतेक प्रौढही जेवणाबरोबर पेलाभर दूध विनासायास घेऊ शकतात. ज्या बालकाचे जुलाब दोन आठवडे वा अधिक काळ थांबत नाहीत, त्याला वरच्या दुधाऐवजी दही द्यावे किंवा दूध निम्मे करून त्याजागी मऊ, सकस अन्न द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. अशा मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, हे सांगणे नलगे. मेळघाटातील बालमृत्यूंनी 1993 साली सारा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषित मुलाच्या पोटाला काय सोसते हा प्रश्न आपल्या भागात केवळ पुस्तकी नाही.

संत पौलाने रोमच्या मंडळीला खाण्यापिण्यावरून परस्परांचा न्याय करू नये, असे बजावले होते. त्याच्यापुढील वाद निराळा होता, परंतु बोध येथेही लागू पडतो. वसतिगृहातील एखादे मूल दुधाचा पेला पुढे सारते, तेव्हा आपण त्याला लाडावलेले म्हणतो. सासरी आलेली सून दूध नको म्हणते, तेव्हा तिची मिजास काढतो. आजारी शेजाऱ्याला आपण प्रेमाने दूध नेऊन देतो आणि ते तसेच राहिलेले पाहून मनात रागावतो. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारावा: तुम्हांला काय सोसते? दान देणाऱ्याने हात पुढे करण्यापूर्वी कान पुढे करावा. दुधाच्या भुकटीच्या त्या साऱ्या इतिहासात कोणी एवढाच प्रश्न वेळेवर विचारला असता, तर त्याच जहाजांतून आलेले दूध विरजून वाटता आले असते, आणि आमच्या वऱ्हाडातील कोणतीही म्हातारी ते कसे करावे हे शिकवू शकली असती.