पहिल्या मिनिटाचा तक्ता

रकाने भरण्यात ज्यांचे आयुष्य जाते अशा आम्हां कारकुनांस, एका तक्त्याने जीव वाचविले असे कोणी सांगितले तर प्रथम हसूच येईल. परंतु न्यूयॉर्कच्या स्लोन स्त्री-रुग्णालयात डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५२ साली मांडलेला व १९५३ साली प्रसिद्ध केलेला पाच ओळींचा तक्ता त्याच जातीचा आहे.

नवजात अर्भक श्वास घेईना तर काय करावे, ही चिंता जुनीच. चरकसंहितेत बाळाच्या कानांच्या मुळाशी दगडावर दगड वाजवावा, तोंडावर पाणी शिंपडावे, असे उपाय सांगितले आहेत. उपाय होते, बाळाची स्थिती मोजण्याचे सर्वमान्य माप मात्र नव्हते. प्रसूतिगृहात डॉक्टरांचे लक्ष मातेकडे गुंतलेले असे, आणि मंदश्वासी मूल पुष्कळदा दैवाच्या हवाली होई.

अ‍ॅपगारबाई शिकल्या शल्यविद्या. पण स्त्रीस त्यात जम बसविणे कठीण, म्हणून गुरूंनी त्यांस भूलशास्त्राकडे वळविले. १९४९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. विभागाचे प्रमुखपद मात्र एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले. बाई प्रसूतिकक्षाकडे वळल्या. मातेस दिलेल्या भुलीने बाळाचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता.

हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, डिवचल्यास मिळणारा प्रतिसाद आणि वर्ण. प्रत्येकास शून्य, एक वा दोन गुण, एकूण दहा. ठोके मिनिटास शंभरांहून अधिक असल्यास दोन, कमी असल्यास एक. यांपैकी वर्णाची खूण बाईंना स्वतःलाच समाधानकारक वाटत नव्हती. आमच्या सावळ्या मुलांच्या बाबतीत तर ओठ व जीभ पाहूनच निर्णय करावा लागतो. आणखी एक अट त्यांनी घातली : गुण प्रसूती करणाऱ्याने देऊ नयेत, दुसऱ्याने द्यावेत. लेखापरीक्षणाशी संबंध आलेल्या वाचकांस याचे मर्म सांगावयास नको!

गुण लिहावयाचे म्हटले की बाळाकडे पाहणे आले, आणि पाहिले की हात पुढे होणे आले. आमच्या मते या तक्त्याचा खरा पराक्रम हाच.

पुढे पाचव्या मिनिटाचीही नोंद रूढ झाली. कित्येक आईबाप या आकड्यावरून मुलाची भावी बुद्धी ताडू पाहतात. त्यासाठी तो नाही. आणि श्वास न घेणाऱ्या मुलासाठी आता साठ सेकंदही थांबत नाहीत. प्रथम श्वास दिला जातो; तक्ता नंतर भरतात.