दीड मिनिटाचं गणित

परवा उमरखेडहून भाच्याचा फोन. पाचवीत आहे, नवोदयची तयारी चाललीय. "मामा, या आकृत्यांना शब्दच नाहीत!"

मुद्दामच नाहीत. १९८५-८६ साली पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, झज्जर आणि आपलं अमरावती. तेव्हा शिक्षणखातं नरसिंह रावांकडे (रामटेकचे खासदार, बरं का!). किमान ७५ टक्के जागा खेड्यांना. घरात पुस्तकं नसलेलं पोर मागे पडू नये म्हणून निम्मे गुण बिनशब्दांच्या आकृत्यांना.

आता ८० प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आमच्या इंटरव्ह्यूतही एवढी घाई नसते. असो. अपूर्णांकात तो अडकतो. म्हटलं, ७/९ म्हणजे पाऊणहून थोडं जास्त. आधी अंदाज, मग पर्याय खोड.

परीक्षा एकदाच देता येते. त्याला ते माहितीय. आता रोज रात्री फोन येतो.