संगतीचा दोष
रॅमच्या पट्ट्या एकेकट्या तपासल्या असतां निर्दोष ठरतात, आणि चारी एकत्र लावतांच कधीं कधीं स्मृति चुकूं लागते. कारण तेव्हां नियंत्रकावरील भार वाढतो. दोष वस्तूंत नसून संगतींत असूं शकतो, याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेंतील इंटेल कंपनीच्या स्मृति-चिपांत एखादा अंक अकारण पालटे. तो पुन्हां लिहिला, कीं तीच चिप बिनचूक चाले. टिमथी मे व मरे वुड्स यांनीं १९७८ सालीं उलगडा केला. चिपच्या सिरॅमिक वेष्टनांत युरेनियम व थोरियम यांचा अत्यल्प अंश होता. त्यांतून निघालेले अल्फाकण सिलिकॉनमध्यें शिरून तेथील सूक्ष्म विद्युद्भार बिघडवीत. रक्षणासाठीं घातलेलें कवचच वैरी ठरलें! म्हणून पट्टी टाकून देण्यापूर्वीं तिचा शेजारही तपासावा.